विजेची लवचीक नळी : जोडभाग व बुश यांची निवड

पिठाच्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या माणसाचे लक्ष जात्याकडे आणि तराजूकडे असते. भिंतीवरील स्टार्टरपासून मोटारीपर्यंत गेलेल्या लोखंडी वेटोळ्यांच्या नळीकडे कोणी फारसे पाहत नाही. कारागीर तिला ‘फ्लेक्सिबल पाइप’ म्हणतात. नळीच्या दोन्ही टोकांना बसविलेले जोडभाग आणि त्यांच्या तोंडाशी असलेले छोटे बुश तर मालकाच्याही ध्यानात नसतात. मोटार, स्टार्टर व तारा यांच्या किमतीपुढे या वस्तूंची किंमत नगण्य असते आणि म्हणूनच खरेदीच्या यादीतून त्या सर्वांत आधी वगळल्या जातात. तथापि यंत्राला हात लावणाऱ्या माणसाची सुरक्षितता बव्हंशी याच दोन टोकांवर अवलंबून असते.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० साली झाली. पुढील काही दशकांत वीज खेडोपाडी पोहोचली आणि गिरणी, गुऱ्हाळ, शेतीपंप, यंत्रमाग, लेथ अशी नानाविध यंत्रे विजेवर चालू लागली. यंत्र आले की मोटार येते आणि मोटारीपर्यंत तारा सुरक्षितपणे नेण्याचा प्रश्नही तिच्याबरोबर येतो. त्यासाठी वापरण्यात येणाऱ्या लवचीक धातुनळीचे जोडभाग व बुश कसे निवडावेत आणि ते कसे बसवावेत, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

लवचीक नळी कशासाठी?

भिंतीवरून अथवा छताखालून तारा नेण्यासाठी पोलादाची किंवा पीव्हीसीची ताठ नळी योग्य असते. मोटारीजवळ मात्र ती अडचणीची ठरते. चालू मोटार सतत थरथरत असते. शिवाय पट्टा सैल झाला की तो ताणण्यासाठी मोटार तिच्या बैठकीवर मागेपुढे सरकवावी लागते. ताठ नळी थेट मोटारीला जोडली, तर थरथरीमुळे तिचे आटे ढिले होतात आणि मोटार सरकवताना नळी तरी वाकते, नाही तर मोटारीच्या जोडपेटीचे तोंड तरी फुटते. यास्तव ताठ नळी मोटारीच्या जवळपर्यंत आणून शेवटचे थोडे अंतर लवचीक नळीने जोडण्याची पद्धत रूढ झाली आहे.

ही नळी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पट्टीपासून तयार करतात. पट्टी मळसूत्राप्रमाणे गुंडाळत नेऊन तिचा प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्यात अडकविलेला असतो. वेढे एकमेकांवर किंचित सरकू शकतात म्हणून नळी वाकते. हीच रचना तिची मर्यादाही ठरते. वेढ्यांमधील फटीतून पाणी, तेल व बारीक धूळ आत शिरू शकते. त्यासाठी काही नळ्यांवर बाहेरून पीव्हीसीचे अखंड वेष्टण चढविलेले असते. तारांसाठीच्या लवचीक पोलादी नळ्यांबाबतचे भारतीय मानक, आय.एस. ३४८०, हे १९६६ साली प्रसिद्ध झाले. ताठ पोलादी नळ्या व त्यांचे जोडभाग यांची मानके वेगळी आहेत. त्यामुळे ताठ नळीचा जोडभाग लवचीक नळीला चालेलच, असे गृहीत धरता येत नाही.

लवचीक नळी गरजेपुरतीच वापरावी. ती वाकते आणि बसविण्यास सोपी असते म्हणून स्टार्टरपासून मोटारीपर्यंतचे सगळे अंतर तिनेच जोडण्याचा मोह अनेकांना होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत लवचीक धातुनळीच्या एका पातळ प्रकारासाठी ६ फुटांची, म्हणजे सुमारे १.८ मीटरची, कमाल लांबी ठरवून दिलेली आहे. या मर्यादेमागील विचार कोणत्याही देशातील वायरिंगला लागू पडतो. नळी जितकी लांब तितकी ती लोंबकळते, तिच्यावर पाय पडतो, तिच्यातील फटी वाढतात आणि जोड ओढले जातात.

धोका कोठे उद्भवतो?

नळी करवतीने कापली की कापलेल्या कडेवर धातूचे बारीक काटे उरतात. कारागीर त्यांना ‘बर’ म्हणतात. पट्टीची कडही पात्यासारखी धारदार झालेली असते. तारा ओढताना त्या याच कडेवरून घासत जातात. तांब्याच्या तारेवरील पीव्हीसीचे विद्युतरोधक आवरण नेहमीच्या आकारांत जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी जाडीचे असते. त्यावर पहिला ओरखडा तारा ओढतानाच पडू शकतो.

उरलेले काम थरथर करते. मिनिटाला १,४४० फेरे घेणारी मोटार तासाभरात ८६,४०० फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यागणिक तार त्या कडेवर किंचित घासली जाते. ज्या दिवशी गिरणी बसविली त्या दिवशी सर्व काही ठीक चालते. दोन वर्षांनीही कदाचित चालते. पण पुढे एखाद्या दिवशी आवरण पूर्ण कापले जाऊन तांब्याचा आणि नळीचा स्पर्श होतो. नळी मोटारीला जोडलेली, मोटार लोखंडी बैठकीवर आणि गिरणीचा सांगाडाही त्याच बैठकीवर. अशा रीतीने बाहेरून निरुपद्रवी दिसणारे संपूर्ण यंत्र विद्युतभारित होते.

आपल्याकडील त्रिफेज पुरवठ्यात दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट आणि एक फेज व जमीन यांमध्ये सुमारे २४० व्होल्ट दाब असतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध १,००० ओहम धरला, तर त्याच्या शरीरातून २४० मिलिॲम्पिअर प्रवाह वाहील. गळतीरोधक स्विच अवघ्या ३० मिलिॲम्पिअरला पुरवठा तोडण्यासाठी बनविलेले असतात. त्याच्या आठपट प्रवाह क्षणभरापेक्षा अधिक काळ शरीरातून वाहिला तर तो प्राणघातक ठरू शकतो. दळणाचा डबा उचलताना ज्याचा हात गिरणीच्या पत्र्याला लागतो, त्याला या आकड्यांची कल्पना असण्याचे कारण नाही. ती असावयास हवी ती वायरिंग करणाऱ्याला आणि करवून घेणाऱ्याला.

बुशचे कार्य व प्रकार

नळीच्या किंवा पेटीच्या धारदार कडेवर तार टेकू न देणे हे बुशचे कार्य होय. त्याचे तोंड गोलाईचे व गुळगुळीत असते. बाजारात त्याचे मुख्यतः चार प्रकार आढळतात व प्रत्येकाचे स्थान निराळे आहे.

पहिला प्रकार नळीच्या कापलेल्या तोंडात आतून बसणाऱ्या छोट्या प्लॅस्टिकच्या बुशचा. तो नळीची कड झाकतो. जोडभागाच्या आतच अशी कड असेल तर वेगळा बुश लागत नाही. परंतु स्वस्त जोडभागांत ती नसते. जोडभाग हातात घेऊन त्याच्या आतील तोंडावरून बोट फिरवावे. बोटाला धार लागली तर ती तारेलाही लागणार, हे उघड आहे.

दुसरा प्रकार पितळी बुशचा. तो आट्यांचा असून पेटीच्या आतील बाजूने बसतो. बाहेरच्या बाजूस कपलर आणि आतून ‘मेल बुश’ आवळून पेटीचा पत्रा दोहोंमध्ये घट्ट धरण्याची पद्धत जुनी व भरवशाची आहे. हा बुश तारेला गुळगुळीत वाट देतो आणि नळी व पेटी यांचा धातूचा संपर्कही कायम ठेवतो.

तिसरा प्रकार आट्यांच्या प्लॅस्टिक बुशचा. तो तारांचे रक्षण उत्तम करतो. पण नळीला धरून ठेवण्याची ताकद त्याच्यात नसते. पत्र्याच्या एका बाजूस जोडभाग आणि दुसऱ्या बाजूस केवळ प्लॅस्टिकचा बुश अशी जोडणी करू नये. पत्र्याच्या आतील बाजूने धातूचा चेकनट आधी आवळावा आणि त्याच्यापुढे हा बुश बसवावा.

चौथा प्रकार रबरी ग्रोमेटचा. पत्र्याच्या साध्या भोकातून केबल नेताना तो उपयोगी पडतो. परंतु लवचीक नळीचे टोक भोकापाशी आणून सोडून द्यावयाचे आणि तारा ग्रोमेटमधून आत न्यावयाच्या, ही जोडणी चुकीची आहे. ग्रोमेट नळीला पकडत नाही. उष्णतेने व तेलाने रबर कडक किंवा फुगीर होऊन काही काळाने निखळते आणि पत्र्याची धार पुन्हा उघडी पडते.

तारा जितक्या जाड तितका त्यांचा भार कडेवर अधिक पडतो. जाड तार वळणाशी सहज वाकत नाही. ती कडेवर रेलून राहते. म्हणून मोठ्या मोटारींच्या बाबतीत बुशची हयगय अधिक महागात पडते.

जोडभागांची निवड

लवचीक नळीला पेटीशी जोडणाऱ्या भागास बाजारात ‘कनेक्टर’ किंवा ‘ग्लँड’ म्हणतात. नळी धरण्याच्या पद्धतीवरून त्याचे तीन प्रकार पडतात.

काही कनेक्टर नळीच्या आत फिरवून बसवावयाचे असतात. नळीच्या आतील वेढेच त्यांना आट्यांप्रमाणे उपयोगी पडतात. हे कनेक्टर स्वस्त व आटोपशीर असून कोरड्या, स्वच्छ जागी आणि जेथे ओढ फारशी नसते तेथे चालतात. मात्र सततच्या थरथरीने ते उलट फिरून सुटण्याचा संभव असतो.

दुसऱ्या प्रकारात कनेक्टर नळीला बाहेरून स्क्रूच्या साहाय्याने पकडतो. ही पकड नळीच्या सर्व बाजूंनी सारखी असावी. एकाच स्क्रूचे टोक नळीवर रुतणारे कनेक्टर पातळ पट्टी चेपतात आणि ती आत दबून तारेला टोचू शकते.

तिसरा प्रकार दाबून बसणाऱ्या ग्लँडचा. पीव्हीसी वेष्टणाच्या नळीसाठी हाच वापरावा. त्याचे चार भाग असतात: मुख्य अंग, नळीच्या तोंडात शिरणारी धातूची आतली कडी, वेष्टणावर बसणारी नायलॉनची अथवा रबराची सीलकडी आणि या सर्वांना आवळणारा नट. आतली कडी कापलेली कड पूर्णपणे झाकते, म्हणजे बुशचेही काम करते. सीलकडी पाणी व तेल यांना अडविते. पुष्कळदा जोडणी करताना आतली कडी फिरवून बसविण्याचा कंटाळा केला जातो आणि ती तेथेच टाकून दिली जाते. तसे केल्यास ग्लँड बाहेरून घट्ट दिसतो, परंतु नळी जराशा ओढीने निसटते.

मोटारीची जोडपेटी भिंतीच्या बाजूला असल्यास सरळ कनेक्टर बसविल्यावर नळीला एकदम वळण द्यावे लागते. अशा वेळी ४५ किंवा ९० अंशांचा कनेक्टर घ्यावा. नळीला तिच्या व्यासाच्या सहापटीहून लहान त्रिज्येचे वळण देऊ नये. उत्पादकाने याहून मोठी त्रिज्या सांगितली असेल तर ती पाळावी. तीव्र वळणावर वेढे उघडतात आणि आतील तारा एका बाजूस दाबल्या जातात.

आकार व आटे

खरेदीच्या वेळी सर्वांत जास्त चुका आकारात होतात. ताठ नळीचा २०, २५, ३२ मिलिमीटर हा आकार तिच्या बाहेरच्या व्यासावरून सांगतात. लवचीक नळीच्या बाबतीत मात्र काही ठिकाणी आतील व्यास सांगितला जातो, तर काही ठिकाणी इंचांतील जुने नाव. म्हणून दुकानात जाताना नळीचा वीतभर तुकडा बरोबर नेणे आणि कनेक्टर त्यावर बसवून पाहणे हेच श्रेयस्कर.

आट्यांची बाब याहून नाजूक आहे. २० मिलिमीटर मेट्रिक आट्यांचा बाह्य व्यास २० मिलिमीटर असून दोन आट्यांमधील अंतर १.५ मिलिमीटर असते. जर्मनीतून आलेल्या जुन्या ‘पीजी’ पद्धतीतील १३.५ या आकाराचा व्यास २०.४ मिलिमीटर आणि आट्यांतील अंतर सुमारे १.४१ मिलिमीटर असते. अर्ध्या इंची ब्रिटिश पाइप-आट्यांचा व्यास सुमारे २०.९ मिलिमीटर व आट्यांतील अंतर सुमारे १.८ मिलिमीटर असते. नुसत्या डोळ्यांना हे तिन्ही जवळजवळ सारखे दिसतात. एका पद्धतीचा नट दुसऱ्या पद्धतीच्या कनेक्टरवर एकदोन आटे चढतो आणि अडकतो. मग पान्याने जोर लावला जातो, आटे झिजतात आणि जोड घट्ट झाल्याचा केवळ भास होतो. काही महिन्यांच्या थरथरीनंतर तो सुटतो. नट बोटांनी शेवटपर्यंत सहज फिरला पाहिजे. पान्याचे काम केवळ शेवटच्या आवळणीपुरते असावे. जुन्या किंवा परदेशी बनावटीच्या यंत्रावर निराळ्या पद्धतीचे आटे असतील, तर त्यासाठी मिळणारा बदली जोडभाग वापरावा.

तारांना पुरेशी जागा

तीन किंवा अधिक तारा एका नळीतून न्यावयाच्या असल्यास त्यांनी नळीच्या आतील क्षेत्रफळाच्या ४० टक्क्यांहून अधिक जागा व्यापू नये, असा संकेत आहे. उरलेली जागा तारा ओढण्यासाठी व उष्णता बाहेर पडण्यासाठी लागते. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी.

एक उदाहरण घेऊ. १० अश्वशक्तीच्या मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर असल्यास स्टार्टरपासून मोटारीपर्यंत सहा तारा जातात. त्यांत अर्थिंगची एक तार मिळविली की सात तारा झाल्या. प्रत्येक तारेचा आवरणासह व्यास ४.५ मिलिमीटर धरला, तर एका तारेचे क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस मिलिमीटर व सातांचे सुमारे १११ चौरस मिलिमीटर होते. हे ४० टक्के धरल्यास नळीचे आतील क्षेत्रफळ सुमारे २७८ चौरस मिलिमीटर हवे, म्हणजेच आतील व्यास सुमारे १९ मिलिमीटर हवा. बाहेरून २० मिलिमीटर असलेल्या नळीत एवढी जागा नसते. २५ मिलिमीटरची नळी व तिला साजेसे कनेक्टर घ्यावे लागतात. लहान नळीत सात तारा कोंबून ओढल्या की तोंडाशी आवरण सोलले जाते आणि मग चांगला बुश बसवूनही उपयोग होत नाही.

जागा पाहून निवड

पिठाच्या गिरणीत बारीक पीठ हवेत सतत तरंगत असते. ते जोडपेटीत शिरून साचते, ओलसरपणाने चिकटते आणि हवेत दाट पसरलेल्या पिठाला ठिणगीने आग लागण्याचाही धोका असतो. म्हणून येथे वेष्टणाची नळी व सीलकडीचे ग्लँड वापरावेत. अशा भागांवर ‘आयपी’ अक्षरांपुढे दोन अंक लिहिलेले असतात. पहिला अंक धुळीपासूनचे व दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवितो. आयपी ५४ म्हणजे धुळीस बऱ्याच अंशी आणि शिंतोड्यांस अटकाव. आयपी ६५ म्हणजे धुळीस पूर्ण आणि पाण्याच्या फवाऱ्यासही अटकाव. नळी, ग्लँड व पेटी यांपैकी जो भाग सर्वांत दुबळा, तेवढाच सर्व जोडणीचा दर्जा समजावा.

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथील यंत्रमागांवर थरथर व कापसाचे तंतू या दोन्हींचा त्रास असतो. तेथे आतून फिरवून बसविण्याच्या कनेक्टरपेक्षा बाहेरून पकडणारे अथवा दाबून बसणारे कनेक्टर योग्य होत. फटीत साचलेले तंतू उष्णतेने पेट घेऊ शकतात, म्हणून पेटीची न वापरलेली भोकेही बंद करावीत.

कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या भागातील लेथ व मिलिंग यंत्रांवर कापकामाचे तेल आणि तेलमिश्रित पाणी उडत असते. साधे रबर तेलात फुगते. येथे सीलकडी नायट्राइल रबराची घ्यावी.

कोकणातील बर्फाचे कारखाने, मासळीवर प्रक्रिया करणारे उद्योग आणि खाडीकाठचे पंप यांना खारी, दमट हवा सोसावी लागते. जस्ताचा मुलामा येथे लवकर खाल्ला जातो. पीव्हीसी वेष्टणाची नळी आणि निकेलचा मुलामा दिलेले पितळी ग्लँड किंवा गंजरोधक पोलादाचे ग्लँड वापरणे येथे हिताचे. ॲल्युमिनियमच्या पेटीवर पितळी ग्लँड उघडा बसविल्यास खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियम कुजते, म्हणून तेथे धातूंची जोडी विचारपूर्वक निवडावी.

गुऱ्हाळघरात चरकाची मोटार रसाने व पाण्याने भिजते आणि चुलवणाची धग जवळ असते. नळी चुलवणापासून शक्य तितकी दूर न्यावी. शेतीपंपाच्या उघड्यावरील जोडणीत पावसाचे पाणी नळीवरून ओघळत ग्लँडपर्यंत जाते. नळीला पेटीपूर्वी खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथून गळून पडेल. पेटीत तारा खालून नेणे उत्तम.

पेट्रोल, विद्रावके किंवा ज्वालाग्राही वायू यांच्या सान्निध्यात मात्र वर सांगितलेले कोणतेही सामान्य भाग चालत नाहीत. तेथे प्रमाणित ज्वालारोधक साहित्यच वापरावे लागते.

नळी म्हणजे अर्थिंग नव्हे

नळी धातूची आहे, ती दोन्ही बाजूंस धातूच्या पेट्यांना जोडलेली आहे, तेव्हा निराळी अर्थिंगची तार कशाला, असा युक्तिवाद सर्रास केला जातो. तो चुकीचा आहे. लवचीक नळीत प्रवाहाला लांबलचक पट्टीच्या मार्गाने किंवा वेढ्यांच्या सैल स्पर्शातून जावे लागते. गंज चढला, जोड ढिला झाला की रोध वाढतो. समजा, असा मार्ग १० ओहमचा झाला. तर बिघाडाच्या वेळी २४० व्होल्टला त्यातून २४ ॲम्पिअर प्रवाह वाहील. ३२ ॲम्पिअरचा फ्यूज या प्रवाहाने वितळणार नाही. नळी तापत राहील आणि मोटारीचा सांगाडा विद्युतभारित राहील. फ्यूज शाबूत आहे म्हणून मालकही निश्चिंत राहील.

यास्तव लवचीक नळीवर अर्थिंगसाठी विसंबून राहू नये. तिच्यातून किंवा तिच्या बाजूने अर्थिंगची स्वतंत्र तार मोटारीच्या अर्थ-स्क्रूपर्यंत न्यावी. त्रिफेज मोटारीचा सांगाडा दोन स्वतंत्र जोडण्यांनी जमिनीशी जोडावा, हा नियम भारतीय वीज नियम, १९५६ यांत होता व त्यानंतरच्या केंद्रीय विनियमांतही तो कायम राहिला. गळतीरोधक स्विच बसविणे अत्यंत इष्ट आहे. पण तो अर्थिंगची जागा घेऊ शकत नाही.

जोडणी व तपासणी

जोडणीचा क्रम सोपा आहे. पुरवठा बंद करून, मुख्य स्विचचा फ्यूज काढून तो स्वतःजवळ ठेवावा. नळी बारीक दात्यांच्या करवतीने काटकोनात कापावी. कानशीने बर काढावी आणि तोंडातून बोट फिरवून खात्री करावी. बुश किंवा ग्लँडची आतली कडी तारा ओढण्यापूर्वीच बसवावी. तारा ओढून झाल्यावर ती बसत नाही आणि मग ती राहूनच जाते. कनेक्टर पेटीत बसवून आतून चेकनट आवळावा. पेटीला रंग असल्यास चेकनटाखालील रंग खरवडावा, म्हणजे धातूचा धातूला स्पर्श होईल. पेटीपासून सुमारे ३० सेंटिमीटरच्या आत नळीला सॅडलचा आधार द्यावा. मोटारीच्या बाजूस मात्र सरकण्यापुरती ढील ठेवावी.

काम पूर्ण झाल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने तारा व सांगाडा यांमधील विद्युतरोध मोजावा. तो एक मेगओहमपेक्षा कमी असता कामा नये. अर्थिंगचा मार्ग अखंड आहे याचीही चाचणी घ्यावी. पुढे दरवर्षी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, दोन्ही टोके पाहावीत. नळी कनेक्टरमधून बाहेर आली आहे काय, बुश जागेवर आहे काय, वेढे उघडले आहेत काय, एवढे पाहण्यास काही मिनिटे पुरतात. यंत्राला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर यंत्र त्याच क्षणी बंद करून विजेचा पुरवठा तोडावा. ‘थोडा करंट येतो’ असे म्हणत काम चालू ठेवणे म्हणजे मोठ्या अपघातास निमंत्रण देणे होय.

जबाबदारी कोणाची?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार अशी कामे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून आणि प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करून घ्यावी लागतात. मोटार सरकवली म्हणून नळी वाढविणे किंवा तुटलेला ग्लँड बदलणे ही किरकोळ दुरुस्ती वाटली, तरी ती घरच्या घरी उरकण्याजोगी नाही. विद्युत निरीक्षकांची यंत्रणा राज्यात कार्यरत आहे आणि शंका असल्यास त्यांच्या कार्यालयाकडून मार्गदर्शन मिळू शकते.

मालकाचेही कर्तव्य यातून सुटत नाही. ठेकेदाराकडून दरपत्रक घेताना नळीचा प्रकार व आकार, कनेक्टरचा प्रकार, बुश आणि अर्थिंगची स्वतंत्र तार यांचा त्यात स्पष्ट उल्लेख मागावा. ‘इतर किरकोळ साहित्य’ या एका ओळीत हे सर्व गुंडाळले गेले, की त्यातील काही वस्तू बसविल्याच जात नाहीत आणि त्या बसविल्या नाहीत हे पेटीचे झाकण लागल्यावर कोणाला कळत नाही. म्हणून झाकण लावण्यापूर्वी मालकाने स्वतः तेथे उभे राहून दोन्ही टोके पाहावीत. गिरणीत दळण घेऊन येणारी बाई, मागावर बसणारा कामगार, पंप सुरू करण्यासाठी पहाटे ओल्या बांधावरून जाणारा शेतकरी यांपैकी कोणीही ते झाकण उघडून पाहणार नाही. त्यांच्या वतीने ते पाहण्याची जबाबदारी यंत्र बसविणाऱ्याची आणि त्याच्या मालकाची आहे.